मर्जीचं मीठ

चमचा जिभेला लागला आणि मावशी उभ्या जागी थिजली. डाळीत मीठ नव्हतं. कमी होतं असं नव्हे. कमी म्हटलं की मनाला धरायला काहीतरी सापडतं, चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे. इथे मिठाचा पत्ताच नव्हता. डाळ जिभेवर आली आणि चुकीच्या घराची बेल वाजवलेल्या पाहुण्यासारखी नुसती उभी राहिली. मावशीने चमचा धुण्याच्या टबात टाकला, कारण एका चमच्याने एकदाच चाखायचं असा तिथला कायदा होता, दुसरा घेतला, परत चाखलं. तिसरा घेतला. चूळ भरली, डोळे मिटले, आता बघूया म्हणून पुन्हा चाखलं. जीभ आपल्या साक्षीवरून हलेना. आणि मग तिच्या ध्यानात आलं की यातली अर्धी डाळ केव्हाच पुढे गेली होती. काउंटरवरचा डबा भरून, रिकामा होऊन, परत भरला होता आणि पलीकडच्या त्या लखलखीत खोलीत बाकडीभर माणसं या घडीला तिच्या हातची बिनमिठाची डाळ गिळत बसली होती.

दुकान देशी जेवणाचं, पण नव्या तऱ्हेचं. तिथे बसल्यावर कुणी येऊन ‘काय आणू’ विचारत नव्हतं. काचेमागे स्टीलच्या डब्यांची रांग, काचेपुढे माणसांची रांग, आणि मधे एक मुलगी जिला सगळे सटासट म्हणत. ती खरंच सटासट विचारायची. भात की पोळी की पाला? डाळ की चणे की पनीर? तिखट, मध्यम, गोड? दही? कांदा? शेव? लोणचं? पापडाचा चुरा? लिंबू पिळू? गिऱ्हाईक काचेवर बोट टेकवत पुढे सरकायचं आणि रांगेच्या शेवटी त्याच्या हातात वाडगा यायचा, वर रंगीबेरंगी ढीग, खाली काय आहे ते देव जाणे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमचा वाडगा, तुमची मर्जी.’ सटासटचा हिशेब असा की या डब्यांतून इतके प्रकार होतात की एक माणूस जन्मभर रोज आला तरी तोच वाडगा दोनदा खाणार नाही. यावर मावशी म्हणायची, “माझा नवरा आला तर पहिल्या दिवशीचाच वाडगा जन्मभर खाईल, तोही त्याला मीच सांगायला हवा.” मावशीचं काम खिडकीच्या आत. डाळ तिची, चणे तिचे. बाकी सगळं बाहेरून पिशव्यांत यायचं, चटण्यासुद्धा. पण डाळ कोणत्याही पिशवीत येत नव्हती आणि या गोष्टीचा मावशीला एवढा ताठा होता की सकाळी ती आत शिरली की आधी तिचा ताठा शिरायचा आणि मग ती.

झालं कसं? मीठ कुठे गेलं? ती गॅसपाशी उभी राहून सकाळ उलटी चालवू लागली. फोडणी घातली, ती आठवते, सटासट बाहेरून खोकली, तेही आठवतं. डाळ घोटली. मग मूठ मिठाच्या डब्यात गेली. आणि तेवढ्यात साहेब आला. साहेब म्हणजे दुकानाचा मॅनेजर, मावशीच्या धाकट्या लेकाच्या वयाचा, दर दोन वाक्यांमागे ‘एक सूचना आहे’ म्हणणारा, म्हणून पाठीमागे त्याचं नाव सूचना. सूचनाबरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस होता. भिंतीवर पाटी लावायची होती, ‘मावशीच्या हातची डाळ’, आणि तिच्यावर हाताचा फोटो. “मावशी, एक सूचना आहे. मूठ अशीच वर धरा. टाकू नका, टाकू नका अजून.” मावशीने धरली. “थोडी वर. उजेडात. आता टाकल्यासारखं करा.” तिने टाकल्यासारखं केलं. “परत एकदा टाकल्यासारखं.” तिने परत केलं. मनगट वळवून, बोटं हलवून, अगदी नाटकातल्या राणीसारखं, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा खिचिक वाजला. शेवटी दंड भरून आला. कॅमेरावाला म्हणाला, झकास. मावशीने मूठ डब्यात रिकामी केली आणि हात झटकला. आणि त्या झटकलेल्या हाताला, मूर्खाला, वाटलं की आपलं काम झालं. एवढ्या वेळा टाकल्यासारखं केल्यावर कोणत्याही हाताला तसंच वाटलं असतं. मीठ टाकतानाचा फोटो निघाला म्हणून मीठ पडायचं राहिलं! ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर मावशीने हसून हसून गडाबडा लोळून घेतलं असतं.

आता बोंब होणार. ती खिडकीशी गेली आणि बोंबेची वाट बघू लागली. खिडकी म्हणजे भिंतीतली एक आडवी फट, तिच्यातून डबे पुढे सरकवायचे. फटीतून बघितलं की माणसांची डोकी दिसत नसत, दिसत ती गळ्यापासून पोटापर्यंत आणि टेबलावरचे हात. एक टाय होता. टायवाला वाडग्यात चमचा घालत होता, काढत होता, घालत होता, दुसऱ्या हाताने फोनवर अंगठा फिरवत होता. मावशीने त्याच्यावर नजर रोखली. आता थांबेल. आता चमचा खाली ठेवील. पुढचा घास, हां, या घासाला तर नक्कीच. पलीकडे एक हिरवी ओढणी होती, तिच्यासमोर दोन जाड मनगटं होती, कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाच्या तीन बाह्या एकमेकींना ढोसत होत्या. सगळे चमचे वरखाली होत होते. मावशीला वाटलं, आपल्याला कानाने काही कमी ऐकू येतंय. एवढी मोठी गोष्ट घडलीय, आवाज कसा नाही? घरात एखादं भांडं पडावं आणि ते पडताना दिसावं पण वाजू नये, तसं काहीतरी होत होतं. टायवाल्याने वाडगा तिरका केला, तळाचं खरवडून खाल्लं, कागदी रुमाल चुरगळून टाकला आणि निघून गेला.

तिची आत्या होती. आत्याला मीठ चाखावं लागत नसे, ऐकू येई. मीठ घातलेल्या डाळीची उकळी जाड आवाजात बोलते आणि न घातलेल्या डाळीची बारीक, असं ती सांगायची, आणि ओट्याकडे पाठ करून वेणी घालता घालता ओरडायची, “अगं पोरी, ती डाळ मांजरीसारखी रडतेय, मीठ घाल तिला.” मावशी ही गोष्ट सटासटला सांगताना आणखी पुढे न्यायची. आत्याने एकदा भाजीत मीठ घातलं तर भिंतीपलीकडच्या शेजारणीची भाजी खारट झाली. आत्या मेली त्या दिवशी गल्लीतल्या कुणाच्याच घरी मीठ विरघळेना. सटासट म्हणायची, “मावशी, फेका फेका, आज पाऊस पडेल.” आणि मावशी छातीवर हात ठेवून शपथ घ्यायची. पण फेकाफेकीच्या आत एक गोष्ट होती जी ती फेकत नव्हती. आत्याचा हात आपल्याकडे आलाय, यावर तिचा मनापासून विश्वास होता. सूचनाने भिंतीवर वजनाचा तक्ता लावला होता, इतक्या डाळीला इतकं मीठ, काटा पण आणून ठेवला होता. काट्यावर मावशी आपली चष्म्याची डबी ठेवायची.

आणि पुरावा काय? पुरावा हाच की कुणी काही बोलत नाही. याच एका खुंटीवर तिने आख्खा जन्म टांगला होता. लग्नानंतर पहिल्यांदा तिने जेवण केलं तेव्हा सासू जेवली, हात धुतले आणि काही बोलली नाही. मावशी पदराआड हसली, पास झाले. नवरा कधीच काही बोलला नाही, पोरं बोलली नाहीत. थोरली माहेरी आली की पान चाटूनपुसून उठते आणि म्हणते, “आई, जरा पडते.” मावशीच्या हिशेबात हे सगळे शाबासकीचे डोंगर होते. बोलतात कधी? बिघडलं की. न बोलणं म्हणजे चांगलं झालं. किती साधं, किती स्वस्त गणित होतं ते! आता खिडकीच्या फटीशी उभ्या उभ्या ते गणित तिच्या डोळ्यांदेखत उसवत होतं आणि एक टाका निघाला की पुढचा आपोआप निघत होता. ही बाहेरची माणसंही काही बोलत नाहीयेत. म्हणजे यांचं न बोलणं आणि सासूचं न बोलणं... मावशीने विचार तिथेच दाबला. तो दुसरीकडून वर आला. सासू त्या दिवशी नुसतीच जेवली असेल. भूक लागली असेल तिला. तिच्या डोक्यात दुधाचा हिशेब असेल, दुखरा गुडघा असेल, आणि मी इथे जन्मभर पास होऊन बसलेय.

“मावशी, डाळ!” सटासट खिडकीत तोंड घालून ओरडली. “डबा तळाला गेलाय.”

मावशीच्या समोर दुसरं पातेलं होतं, नुकतंच शिजलेलं. मिठाचा डबा हाताशी होता, नुसती मूठ घालायची, पाच बोटांचं काम. तिचा हात डब्यापर्यंत गेलाही. आणि मग तिने जे केलं त्याचं तिला स्वतःलाच नंतर कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं. तिने डब्याचं झाकण लावलं. घट्ट, दोन्ही अंगठ्यांनी दाबून. पहिलं पातेलं चूक होती, माणूस चुकतो. हे दुसरं पातेलं मात्र चूक नव्हती, आणि ते पुढे सरकवताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, लहानपणी शेजारच्या अंगणातली कैरी ओच्यात घालून पळताना तापायच्या तशा. घ्या. खा. बघू कोण बोलतंय. कुणीतरी बोला रे. त्या बाकड्यांवरच्या एकाने जरी वाडगा आपटला असता, हे काय वाढलंय म्हणून आरडाओरडा केला असता, तरी तिने धावत जाऊन त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. ती खिडकीशी उभी राहिली. चणे करपायला आले तेव्हा भांडी घासणाऱ्या पोराने गॅस बंद केला. लोक आले, लोकांनी बोटं टेकवली, हे घाला, ते घाला, ते नको, हे दुप्पट. लोकांनी खाल्लं, लोक गेले. एक म्हातारा उठून काउंटरकडे चालत आला तेव्हा मावशी फटीत पुढे झुकली, आला, आला माझा माणूस. म्हातारा म्हणाला, “हात धुवायला कुठे?”

गर्दी ओसरल्यावर सटासट आत आली. “मावशी, तोंड का असं? बीपी आहे का? काही खाल्लंत का?” मावशी तिथलं कधी खात नसे. घरून डबा आणायची, आपल्याच हातचा, आणि कोपऱ्यात बसून खायची. आज डब्याकडे बघवेना. ती म्हणाली, “मला एक वाडगा दे.” सटासटचे डोळे एवढे मोठे झाले की कपाळाला जागा उरली नाही. मावशी पहिल्यांदाच काचेच्या त्या बाजूला गेली. त्या बाजूने डबे वेगळे दिसत होते, उजळ, चकचकीत, जणू कुणा दुसऱ्याचे. “भात की पोळी की पाला?” सटासटने तिला गंमत म्हणून गिऱ्हाइकासारखंच विचारलं. काय आवडतं आपल्याला? नवऱ्याला भात मोकळा लागतो, थोरलीला डाळ घट्ट लागते, धाकट्याला कांदा नको. हे सगळं झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आणि आपल्याला? तिने आत शोधलं, फडताळात हात घालून चाचपावं तसं, आणि हाताला काही लागेना. मागे कुणी नव्हतं तरी तिला रांग अडवल्यासारखं झालं. “सगळं घाल,” ती घाईने म्हणाली. “सगळं?” “सगळं म्हणजे सगळं. डाळ जास्त.”

ती टायवाल्याच्या जागेवर बसली. डाळीवर दही, त्यावर तीन चटण्या, कांदा, शेव, लोणचं, पापडाचा चुरा, लिंबू. तिने पहिला घास घेतला. शेव कुरकुरली, लोणचं कानामागे झणझणलं, दही थंडगार उतरलं, कुठून तरी गोड आलं, त्याच्या मागून आंबट धावत आलं. दुसरा घास. बाहेरच्या रस्त्यावर एक बाई छत्री उघडायची खटपट करत होती, पाऊस नसताना, आणि मावशी तिच्याकडे बघत खात राहिली. छत्री उघडली, बाई गेली. खरं म्हणजे भूक सपाटून लागली होती. आणि जेव्हा चमचा खरवडला आणि तळाशी स्टील चमकलं, तेव्हा कुठे तिला आठवलं की आपण कशासाठी बसलो होतो. डाळ कुठे होती? ती खाल्ली मी? कधी? तिने जिभेला विचारलं, मीठ? जीभ, तीच सकाळची पक्की, आत्याच्या घराण्यातली जीभ, सूर लांबवून म्हणाली, कुठे काय? छान होतं की. मावशी हातात रिकामा चमचा धरून बसून राहिली. आजवरच्या सगळ्या धक्क्यांत, म्हणजे धाकटा परस्पर लग्न करून आला तो, किंवा डॉक्टरने नवऱ्याच्या छातीचा रिपोर्ट उलटा धरून वाचला आणि घाबरवून सोडलं तो, या सगळ्यांत तिला निदान रडता आलं होतं. आत्ता नुसता घाम फुटला. त्यांना कळलं नाही म्हणून मी दिवसभर जळतेय, आणि मला तरी कुठे कळलं?

ती उठून तडक सूचनाकडे गेली. “साहेब, आज डाळीत मीठ नव्हतं. दोन्ही पातेल्यांत.” दुसऱ्या पातेल्याबद्दलही ती काही लपवणार नव्हती. शिव्या खायची तिची पूर्ण तयारी होती, तयारी कसली, भूक होती. सूचनाचा चेहरा आधी कागदासारखा झाला. त्याने घाईघाईने फोन उघडला, बोट वर, बोट खाली, लोकांनी काय काय लिहिलंय ते बघितलं. तक्रार एकही नाही. उलट कुणीतरी लिहिलं होतं, आज जेवून सुस्ती आली नाही, हलकं वाटलं. सूचनाने ते वाचलं, परत वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पसरला की मावशीला भीती वाटली.

“मावशी,” तो म्हणाला, “एक सूचना आहे.”

“बोला.”

“उद्यापासून डाळीत मीठ घालायचंच नाही. रांगेच्या शेवटी मिठाचा डबा ठेवू. ज्याला जेवढं हवं तेवढं. कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला डॉक्टरने बंद केलेलं. आपलं ब्रीद काय आहे? तुमचा वाडगा...”

“अहो साहेब, मीठ काय शेव आहे वरून भुरभुरायला?”

“मावशी, आज कुणाला कळलं का?”

मावशीने हातातला रिकामा चमचा त्याच्या टेबलावर ठेवला. “आणि तुम्ही शेवटच्या डब्यापाशी उभ्या राहा,” सूचना म्हणाला, “चणे दुसरं कुणी बघेल. पाटीवर हात तुमचा आणि मीठ घालायलाही तुम्हीच. लोकांना आवडेल.” मावशीने आपल्या हाताकडे बघितलं. तो तिच्या मनगटाला लोंबकळत होता, दुकानात विसरून गेलेल्या कुणाच्या तरी छत्रीसारखा.

घरी येऊन तिने डाळ केली. मीठ घातलं, बरोबर घातलं, चाखलं, परत चाखलं, आणि नवऱ्यासमोर वाढून त्याच्यासमोरच बसली. इतकी वर्षं ती पाठमोरी पोळ्या लाटत असायची. नवऱ्याला जेवताना समोरून बघायचं हे तिला नवीनच होतं. तो भात कालवत होता. एक घास, दुसरा घास, डोळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या जरासे डावीकडे. जबडा फिरत होता. मावशी पुढे झुकली. हा चेहरा कुठे बघितलाय आपण? आणि ओळख पटली. चेहरा नव्हे, तिने चेहरे बघितलेच नव्हते. हात. त्याचं ते वरखाली, वरखाली. टायवाल्यात आणि यात सूतभर फरक नव्हता. त्याच्या डाळीत मीठ नव्हतं, याच्या डाळीत आत्याच्या हाताचं मीठ होतं, आणि दोन्ही हात एकाच चालीने चालले होते.

“काय गं?” नवरा म्हणाला. “काय बघतेस असं? काही लागलंय का तोंडाला?”

“काही नाही.”

“मग?”

“काही नाही म्हटलं ना. जेवा.”

विचारायचं होतं. शब्द दातांपर्यंत आले होते, तीनच शब्द, मीठ बरोबर आहे? पण त्याने ‘हो’ म्हटलं असतं तर ते खोटं वाटलं असतं, आणि ‘लक्ष नाही दिलं’ म्हटलं असतं तर खरं. ‘बघतो’ म्हणून त्याने खरोखर थांबून चाखलं असतं, असा नवरा तिच्या गोष्टींतसुद्धा कधी आला नव्हता. तिने पान उचललं. पान स्वच्छ होतं, चाटूनपुसून. काल ते बघून ती मनातल्या मनात गिरकी घेऊन आली असती. आज ते नुसतं स्वच्छ पान होतं, धुवायला सोपं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काचेमागे शेवटच्या डब्यापाशी उभी होती, हातमोजे घालून, डोक्याला जाळी लावून, आणि पुढ्यात मीठ. लोकांनी मीठ असं काही मागितलं की जणू ते जन्मतःच माप घेऊन आले होते. “अर्धा चमचा.” “अगदी किंचित.” “भरपूर घाला, मला कमी चालत नाही.” “नको, बीपी.” “आधी घाला, खाऊन बघतो, मग सांगतो.” एका बाईने बोट वर करून नेम धरला, “इथे घाला, इथे नको.” एकजण म्हणाला, “समुद्राचं आहे का खाणीतलं?” मावशी म्हणाली, “डब्यातलं आहे.” सटासट फिसकन हसली. मावशीला हसू आलं नाही. हात ऐकत होता, सांगितलं तेवढं उचलत होता, दाखवलं तिथे टाकत होता, आणि मावशी त्याच्यापासून थोडी बाजूला उभी राहून बघत होती, दुसऱ्याच्या नोकराकडे बघावं तशी. एवढे लोक, एवढी मापं. परवापर्यंत ती सगळ्यांना एकच मूठ घालत होती आणि त्या मुठीचा तिला गर्व होता. यांतल्या कुणाला ती मूठ कधी हवी होती का, हे तिने काही कुणाला विचारलं नव्हतं. हा विचार कालच्या सगळ्या विचारांपेक्षा वाईट निघाला. तो आला आणि बसूनच राहिला.

मग रांगेत एक बाई आली. एका कानाला मास्क लोंबत होता, अंगात दवाखान्याचा फिकट डगला, खिशावर दाताचं चित्र. दाताच्या डॉक्टरकडे मदतीला असणार. पहिल्या डब्यापाशी सटासटने विचारायला तोंड उघडलं आणि बाईने तळवा वर केला.

“मला काही विचारू नका हो. पाया पडते. सकाळपासून मीच विचारतेय. दुखतंय का, इथे दुखतंय का, आता दुखतंय का. काहीही घाला.”

“पण भात की...”

“काहीही!”

सटासटची गाडी एवढी अचानक थांबली की मागच्या चार माणसांनी माना लांब केल्या. तिने भात घातला, डाळ घातली आणि पुढे काय घालावं ते न सुचून वाडगा तसाच मावशीकडे सरकवला. नुसता डाळभात. वर काही नाही.

“मीठ?” मावशीने सवयीने विचारलं.

“तुम्हीच घाला,” बाई म्हणाली. “तुम्हाला बरोबर वाटेल तेवढं.”

मावशीचा हात डब्यात गेला आणि तिथेच थबकला. किती? तिने मोठ्या पातेल्यांना मीठ घातलं होतं, भरल्या घराला, मग चौघांना, आणि पोरं गेल्यावर दोघांना. एका माणसासाठी, समोर उभ्या असलेल्या एकट्या माणसासाठी तिने आजवर कधी स्वतःच्या अंदाजाने मीठ घातलं नव्हतं. मूठ कामाची नव्हती. चिमूट केवढी? हातमोज्यातून मिठाचा खडासुद्धा जाणवेना. मागून कुणीतरी खाकरलं. तिने दोन बोटांत धरलं, थोडं परत सोडलं, आणि टाकलं. टाकल्यासारखं नव्हे. टाकलं. बाईने वाडगा उचलला आणि ती बाकड्याकडे गेली.

पुढच्या माणसाने वाडगा पुढे केला. “थोडं जास्त,” तो म्हणाला. मावशीने ऐकलं नाही. तिने हातमोजा ओढून काढला, काउंटरची फळी वर उचलली आणि बाहेर आली. “मावशी!” सटासट ओरडली, “अहो मावशी, रांग!” सूचना त्याच्या कोपऱ्यातून उठला. मावशी बाकड्यांमधून चालत गेली, कुणाच्या पिशवीला पाय लागला, कुणी च्यक् केलं, आणि ती त्या बाईच्या बाकड्याशी जाऊन उभी राहिली. बाईने पहिला घास तोंडात घातला होता. तिने वर बघितलं, घाबरून, घास तसाच गालात.

“एक विचारू?” मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “मीठ बरोबर आहे का?”

बाईने गालातला घास पुढे आणला आणि चावायला लागली, हळू, डोळे अर्धे मिटून, खरंच शोधत असल्यासारखी. तिने गिळलं. आणखी अर्धा चमचा डाळ घेतली, नुसती, भाताशिवाय, जिभेवर ठेवली आणि थांबली. मागे सटासट हाका मारत होती, रांगेतला माणूस सूचनाला काहीतरी तावातावाने सांगत होता.

“थोडं कमी आहे,” बाई म्हणाली.

“कमी?”

“चिमूटभर. रागावू नका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

मावशी समोरच्या बाकड्यावर धपकन बसली. तिने दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि बाईच्या तोंडाकडे, तिच्या हलणाऱ्या ओठांकडे, डोळ्यांत प्राण आणून बघत म्हणाली, “परत सांगा.”